पेवावरचे पाय

आमच्या चिंचोळीत अजून सांगतात, की लेव्हीच्या साली वीरभद्रानं गावाची पेवं झाकली. वर्षातून एकदा तरी कुणी ना कुणी मला हे ऐकवतं आणि माझं डोकं फिरतं. वीरभद्रानं काही झाकलं नाही. देव त्या दिवशी बंडप्पा पुरवंताच्या छातीवर पितळेचा होऊन गप्प बसला होता. झाकलं ते बंडप्पानं आणि माझ्या बापाच्या संबळानं, आणि पुढं वर्षभर निस्तरलं ते बंडप्पाच्या बायकोनं. तिघंही आता नाहीत. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण तिघांच्याही तोंडून वेगवेगळं ऐकलंय, आणि तिघांचं जिथं जुळतं तेवढंच सांगतो.

लिंगायतांच्या घरी लग्न निघालं, की वीरभद्राचा गुग्गुळ निघतो. पेटत्या गाडग्यांची मिरवणूक, पुढं तलवार घेऊन नाचणारा पुरवंत आणि त्याच्या मागं संबळ. पुरवंत मध्येच थांबून कानडीत देवाचं वर्णन गर्जून म्हणतो आणि पुन्हा पाय उचलतो. बाकीच्या गावांत पुरवंत आवाजावरून ओळखले जायचे. बंडप्पाचा आवाज फाटका होता. तो ओळखला जायचा पायांवरून.

त्याचा बाप पुरवंतच होता. त्यानं पोराला शिकवलं ते खळ्यावर. खळ्याची जमीन चोपून, सारवून घट्ट केलेली असते, तिथं टाच मारली की एक आवाज, कडेच्या मोकळ्या मातीत दुसरा. मग देवळाची फरशी, मग गाडीची साटी, मग घराचा ओटा. बाप डोळे मिटून बसायचा आणि पोराच्या टाचेवरून सांगायचा, आता तू कशावर उभा आहेस. नंतर उलटं झालं. पोरगा डोळे मिटून नाचायचा आणि पायाखाली काय आहे ते स्वतःच सांगायचा. त्यानंतर बंडप्पानं जन्मात पायताण घातलं नाही. पायताणानं पाय बहिरे होतात म्हणायचा. टाचांच्या भेगांत ज्वारीचा दाणा बसेल एवढ्या त्या रुंद. गिरिजाबाई, त्याची बायको, रोज करडईचं तेल जिरवायची आणि रोज बोलायची.

चाळ तो बांधायचा, पण चाळांचं त्याला कौतुक नव्हतं. चाळ कुणाच्याही पायात वाजतात, म्हणायचा. त्याचं सगळं टाचेत आणि चवड्यात. टाच खोल, चवडा कोरडा, आणि दोन्हींच्या मध्ये पायाची कड जमिनीवर घासून काढलेला एक खरखरीत सूर. ह्यातून तो चालीवर चाल बांधायचा. माझा बाप, ज्याला दुसऱ्याचं चांगलं सहजी दिसत नसे, तो सुद्धा म्हणायचा, की हा माणूस जमीन वाजवतो.

भांडण होतं ते इथंच. बंडप्पाचं म्हणणं, गुग्गुळात एकदा तरी संबळ थांबावं आणि लोकांनी एकटे पाय ऐकावेत.

"गुंड्या, तुजं संबळ माज्या पायामागं पळतंय. माजा पाय न्हाय पळत तुज्या मागं. एकदा गप बस की. लोकास्नी कळू दे, बाजा कोन हाय ते."

माझा बाप त्याला अण्णा म्हणायचा, पण ह्या बाबतीत ऐकायचा नाही. "अण्णा, देवाम्होरं संबळ थांबलं की लोकं समजत्यात कोनतरी मेलंय. आमच्या घरान्यात न्हाय थांबत." वीस वर्षं दोघं एकत्र वाजवत होते आणि वीस वर्षं हे भांडण चालू होतं. तुळजापूरच्या रस्त्यावरच्या कितीतरी गावांत गुग्गुळाला जोडीनं जायचे, आणि येताना एक रस्त्याच्या ह्या कडेनं, एक त्या कडेनं.

आता पेवाचं सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना पेव म्हणजे काय तेच माहीत नाही. पेव म्हणजे पांढरीच्या, गावठाणाच्या जमिनीत खणलेलं धान्याचं तळघर. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट घागरीसारखं फुगलेलं. आतून भुसकटाचा थर, मध्ये ज्वारी, तोंडावर दगड, दगडावर माती, मातीवर शेणाचा सडा. अंगणात, गल्लीत, कुठंही असायचं. वरून बैलगाड्या जायच्या. गुग्गुळ गल्लोगल्ली फिरायचा, त्यामुळं बंडप्पाची टाच गावातल्या प्रत्येक पेवावर वर्षातून पाच-सात वेळा पडायची. भरलेल्या पेवावर आवाज यायचा धप्प, भरल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. रिकामं पेव घुमायचं. अर्धं असलं तर घुमायला लागून मध्येच थबकायचं. पेव उघडण्याआधी लोक गमतीनं त्याला बोलवायचे, "पुरवंत, जरा टाच हाना की, किती उरलंय बघू." तो दोन पायांत सांगायचा आणि सुपारी खाऊन जायचा. चुकला असं कुणी सांगत नाही.

"तोंड खोटं बोलंल, पाय न्हाय बोलायचे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि ह्याच वाक्यानं घात केला.

सेहेचाळीस सालची गोष्ट. निजाम सरकारची लेव्ही चालू होती. एकरी ठरलेली ज्वारी सरकारच्या कोठारात घालायची, मग पीक पिकलेलं असो नाहीतर करपलेलं. पहिल्या दोन वर्षांत लोकांनी घातली. तिसऱ्या वर्षी घातल्यावर घरात जे उरलं, त्यावरही पुन्हा मागणी आली. तेव्हा लोकांनी सरळ सांगितलं, पेवं रिकामी आहेत. काहींची होती. सात घरांची नव्हती, आणि आठवं बंडप्पाचं. त्या पेवांत वर्षाचं खाणं आणि बी होतं. ते गेलं असतं तर पेरायलाही दाणा नव्हता.

त्याच उन्हाळ्यात बंडप्पा दुसऱ्या गावी गुग्गुळाला गेला. जेवणाच्या पंगतीत माझ्या बापाशी नेहमीचा वाद निघाला. बंडप्पाला चेव आला. समोर पाहुण्यांत लेव्हीच्या कचेरीतला एक कारकून बसलाय हे दोघांनाही माहीत नव्हतं. बंडप्पा भरल्या पंगतीत म्हणाला, "तुज्या संबळानं पेव भरलंय का रितं, सांगता यील का? म्या पायानं सांगतो. सगळ्या गावचं सांगतो!"

कारकुनानं हात धुतले आणि कचेरीत जाऊन ते सांगितलं.

आठ दिवसांनी गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासनीस साहेब, गावात आला. बरोबर दोन जवान आणि गावचा पटवारी. पटवाऱ्याच्या वहीत गावातल्या एकवीस पेवांची यादी होती, कुणाचं कुठं. आता म्हणाल, यादी होती तर सगळी उघडून का नाही बघितली? पेव उघडणं म्हणजे हंडीचं झाकण काढणं नव्हे. माती उकरा, दगड हलवा, आणि मग आतली कोंदलेली हवा निघून जाईस्तोवर थांबा, नाहीतर उतरणारा माणूस आतच राहतो. एकवीस उघडायला तीन दिवस लागले असते, आणि साहेबाला पुढची गावं होती. त्याला सोपी वाट सापडली होती.

पारावर बंडप्पाला बोलावलं. गिरदावर दख्खनी बोलायचा.

"क्या रे पुरवंत, तेरे पाँव अनाज पहचानते कते?"

बंडप्पाला नाही म्हणायची सोय नव्हती, भरल्या पंगतीनं ऐकलं होतं. हो म्हणावं तर सात घरं.

गिरदावर हुशार होता. म्हणाला, तू बोलू नकोस. तू फक्त नाच. ऐकणार मी. आधी पाटलाच्या वाड्यामागचं सरकारी पेव, लाखेची मोहर लावलेलं, गच्च भरलेलं. मग कालच उपसून पुन्हा झाकलेलं दुसरं, रिकामं. ह्या दोन्हींवर नाचून दाखव, म्हणजे माझे कान तयार होतील. मग पटवाऱ्याच्या यादीनं गावभर चल.

आता माणसाच्या तोंडाला खोटं बोलता येतं. पण ऐकणारा दुसराच असेल आणि जमीन खरं बोलत असेल, तर माणूस काय करणार? भरल्या पेवाला घुमवायचं कसं? हलकी टाच मारली तर रिकामंही मुकं होतं, आणि मग साहेब सगळीच उकरणार. मारली तर धप्प. गिरिजाबाई गर्दीत उभी होती. ती सांगायची, त्यांचं तोंड त्या वेळी असं झालं होतं, की वाटलं हे आता खाली बसतील.

ते बसले नाहीत. बंडप्पा हात जोडून म्हणाला, "साहेब, पुरवंताचा पाय संबळाबिगर उठत न्हाय."

माझा बाप शेजारीच उभा होता. तो सांगायचा, "ते ऐकलं आन् म्या अण्णाकडं बगितलं. ईस वर्सं हा मानूस सांगतोय की संबळ त्याच्या मागं पळतंय, आन् आज म्हनतोय संबळाबिगर पाय उठत न्हाय. मंग म्या समजलो, अण्णा खोटं बोलाया लागलाय. आन् मला संगं घ्यायलाय."

साहेबानं मान हलवली. बंडप्पानं घरी जाऊन सगळा साज चढवला, लाल धोतर, शेला, छातीवर वीरभद्र, पायांत चाळ. माझ्या बापानं संबळ कमरेला बांधलं. त्यालाही काही बोलायची सोय नव्हती, जवान शेजारीच होता. पण उन्हाचं निमित्त करून त्यानं तांब्याभर पाणी मागितलं, थोडं प्यायला आणि उरलेलं संबळाच्या मोठ्या तोंडावर शिंपडलं. ओलं चामडं ढिलं पडतं. मग त्याची आस जाते, खणखणीत सूर राहत नाही, आणि नुसता खालचा घुमारा उरतो, मातीतून आल्यासारखा. वाजवणारा कधी असं करत नाही. वाजवणारा उन्हात धरून चामडं ताणून घेतो.

पहिल्या दोन पेवांवर बापानं फक्त लहान तोंड वाजवलं, तेही हलकं. पाय स्पष्ट ऐकू आले. धप्प. मग दुसरं, घुम. साहेबानं मान डोलावली, त्याला फरक कळला. मग पटवारी नाव वाचू लागला आणि सगळे चालू लागले.

पहिली तीन पेवं खरोखर रिकामी होती. चौथं लक्ष्मम्माचं. हे भरलेलं. बापाला ते माहीत नव्हतं. गावात कुणाचं पेव भरलंय हे ज्याचं त्यालाच माहीत. फक्त बंडप्पाच्या पायांना सगळ्यांचं माहीत. पेव दहा पावलांवर आलं आणि बंडप्पानं पायाची कड दोनदा घासली. त्याच्या चालीत ती जागा कधीच नव्हती. वीस वर्षं मागं चाललेल्या माणसाला ती चूक लगेच ऐकू आली. बंडप्पानं टाच उचलली आणि क्षणभर हवेतच धरली. संबळाची वाट पाहिली. बापाची वाकडी काडी मोठ्या तोंडावर पडली आणि त्याच घटकेला टाच खाली आली.

घुम.

"खाली," साहेब म्हणाला. पटवाऱ्यानं वहीत फुली मारली.

माझा बाप पुढं आयुष्यभर सांगायचा, की त्या दिवशी अण्णाचा पाय पहिल्यांदा माझ्या मागं चालला. केसभरही पुढं नाही, केसभरही मागं नाही. पुढं पडला असता तर धप्प ऐकू आलं असतं, मागं पडला असता तर दोन आवाज झाले असते. हे सांगताना त्याच्या आवाजात बढाई नसायची, आणि माझा बाप बढाईखोर होता.

असं अठरा पेवांपर्यंत चाललं. त्यांत सात भरलेली होती. सातही घरची माणसं आपापल्या दारात उभी राहून आपल्याच पेवाचा घुमारा ऐकत होती आणि तोंडावर काही दाखवत नव्हती. वीरभद्रानं झाकलं ही समजूत निघाली ती ह्याच घरांतून. स्वतःच्या हातानं भरलेलं पेव घुमतंय म्हटल्यावर माणसानं दुसरं काय समजावं?

पण अठरा म्हणजे फार झाली. गिरदावरच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं. इतकं गाव, आणि सगळंच रिकामं? इतका वेळ तो बंडप्पाच्या पायांकडं बघत होता, आता संबळाकडं बघू लागला. बापाच्या काड्यांकडं. जवानाच्या कानात काहीतरी बोलला. 

पटवारी पुढचं नाव वाचायला वही वर धरत होता. बंडप्पानं वाट पाहिली नाही. तो स्वतःच्या दारापुढं जाऊन उभा राहिला, मागं वळला आणि मोठ्यानं म्हणाला,

"गुंड्या, थांब. आता एकटे पाय."

बापाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बंडप्पानं पुन्हा सांगितलं, "थांब म्हनलं ना." त्यानं काड्या खाली केल्या. घराण्यात पहिल्यांदा संबळ थांबलं. 

बंडप्पानं टाच मारली. धप्प. दुसरी. धप्प. मग त्यानं कसर ठेवली नाही, वीस वर्षं मागितलेली जागा मिळाली होती. टाच, चवडा, कड, सगळी चाल त्यानं त्या भरल्या पेवावर पूर्ण वाजवली, आणि प्रत्येक टाचेला खालून ज्वारीचा भरलेला, जड आवाज आला. बहिऱ्यालाही कळलं असतं.

पटवाऱ्यानं वहीत बघून चाचरत वाचलं, "बंडप्पा वल्द महालिंगप्पा."

गिरदावर आधी गोंधळला, मग खोखो हसला. "तेरा ईच निकला रे! अपनेच पाँवां से पकड़ा गया!" त्याचा संशय पार धुऊन गेला. जो माणूस स्वतःचं पेव दाखवतो, त्यानं दुसऱ्याचं कशाला लपवावं? उरलेल्या दोन पेवांपर्यंत तो गेलाच नाही. जवानांना पेव उकरायला लावलं, हवा निघायला थांबला, आणि पोती भरून गाडीत घातली. बियाण्याचंही ठेवलं नाही. ज्वारी लपवली म्हणून बंडप्पाला दोन दिवस ठाण्यावर बसवून ठेवलं, ते वेगळंच.

गाडी हलली तेव्हा गिरिजाबाई दारात होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जन्मभर सांगत आलाव, पाय खोटं बोलत न्हाईत. सगळ्या गावात खोटं बोलले, आन् बरूबर आपल्याच दारात खरं बोलले व्हय?"

बंडप्पा म्हणाला, "पंगतीत माजंच त्वांड सुटलं हुतं, गिरजे. मंग दुसऱ्याचं कसं दिऊ?"

तिला ते पटलं होतं असं मला कधी वाटलं नाही, आणि का पटावं? पेव भरताना पाट्या वाहिल्या होत्या तिनं. त्या वर्षी ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली. सात घरांतून कधी देवाचा शिधा म्हणून, कधी लेकीचं बाळंतपण झालं म्हणून, थोडी थोडी ज्वारी यायची. लक्ष्मम्मानं बियाण्यापुरती पायली दिली. गिरिजाबाई घ्यायची, पण हसून घ्यायची नाही. आणि लोक बाहेर वीरभद्राचं नाव घेऊ लागले, ते ऐकून तिचा तिळपापड व्हायचा. "देवाच्या घरचा एक दाना गेला न्हाय. माजं गेलं," ती म्हणायची. माझा राग तिच्याकडूनच आलेला आहे.

पुढच्या वैशाखात लक्ष्मम्माच्या लेकीचं, महादेवीचं लग्न निघालं. गुग्गुळ त्याच गल्लीतून चालला. पुढं बंडप्पा, मागं माझा बाप. वर्षभरात दोघं पूर्वीसारखे भांडले नव्हते, आणि दोघांनाही त्याची चुटपुट लागली होती. मिरवणूक बंडप्पाच्या दारापुढं आली. कुणी सांगितलं नाही, कुणी मागितलं नाही. माझ्या बापानं दोन्ही काड्या उचलल्या आणि छातीशी धरून ठेवल्या.

बंडप्पाला संबळ थांबल्याचं एका पावलानं कळलं. त्यानं वळून पाहिलं नाही. टाच मारली, आणि पेव घुमलं. पुन्हा मारली. असा घुमारा गावानं त्याआधी ऐकला नव्हता, भिंतींपर्यंत जायचा आणि परत यायचा. त्यानं सगळी चाल त्यावर वाजवली, टाच, चवडा, कड, आणि ती लग्नाची माणसं, डोक्यावर पेटती गाडगी घेतलेल्या बायका, सगळी जागच्या जागी उभी राहून नुसते पाय ऐकत राहिली. माझा बाप सांगायचा, की मी रडलो. तो कबूल करणारा माणूस नव्हता, पण हे करायचा.

चाल संपली. रिवाजाप्रमाणं गिरिजाबाई घागर घेऊन पुढं आली आणि पुरवंताच्या पायांवर पाणी घालू लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "काय घुमलं हो आज!"

गिरिजाबाईनं त्या भेगांवरची माती हातानं चोळून काढली आणि वर न बघता म्हणाली, "घुमंल न्हाय तर काय. माजी वर्साची जवारी गेलीय त्या आवाजात."